दहावी ओळ

फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तो येतोच. वर सूर्योदयाचा फोटो, मधे आकड्यांचा पिरॅमिड, खाली हात जोडलेले तीन इमोजी. एक गुणिले एक, एक. अकरा गुणिले अकरा, १२१. एकशे अकरा गुणिले एकशे अकरा, १२३२१. असं करत करत नवव्या ओळीत नऊ एक गुणिले नऊ एक, आणि उत्तर:

१२३४५६७८९८७६५४३२१

'वैदिक गणिताचा चमत्कार! पुढे पाठवा.' आमचे मोठे काका तो मनापासून पुढे पाठवतात. आम्ही मनापासून त्यावर अंगठा टाकतो. विषय संपतो.

यावेळी संपला नाही, कारण मावसभाऊ शेजारी बसला होता. आठवीत आहे, नालासोपाऱ्याला राहतो, रविवारी आमच्याकडे विरारला आला होता. त्याने फोन हातातून घेतला, खालपर्यंत स्क्रोल केलं आणि विचारलं, "ताई, दहावी ओळ कुठेय?"

मी म्हटलं, त्यात काय, अंदाज लावायचा. नवानंतर दहा. म्हणजे १२३४५६७८९, मग १०, मग ९८७६५४३२१. तो गप्प. मग म्हणाला, "पण दहा हे दोन आकडे आहेत ना."

आठवीतल्या मुलाने मास कॉमच्या पदवीधराला इतक्या कमी शब्दांत गार करू नये. मी कॅल्क्युलेटर उघडला. फोनने दहा एक गुणिले दहा एकचं उत्तर १.२३ पुढे काहीतरी आणि मग 'ई १८' असं दिलं. म्हणजे फोननेही हात वर केले. शेवटी मागच्या वर्षीच्या जर्नलची पाठकोरी पानं काढली, दहा ओळींचा गुणाकार मांडला, आणि अर्ध्या तासाने, दोनदा चुकून, उत्तर आलं:

१२३४५६७९००९८७६५४३२१

सातानंतर थेट नऊ. मधे दोन शून्यं. आठ गायब. इकडून आणि तिकडून सारखी वाचता येण्याची जी ऐट होती, तीही गेली. फॉरवर्ड नवव्या ओळीवर का थांबतो ते कळलं. चमत्कार तिथे संपतो म्हणून. पण आम्हा दोघांची मजा तिथेच सुरू झाली होती, आणि या आठवड्याचा अग्रलेख म्हणूनच एका आकड्यावर लिहायचं ठरवलं. निवडणूक, परीक्षा, लोकलची गर्दी या विषयांवर आधीच पुष्कळ लिहिलं जातं.

आधी हा आकडा केवढा आहे ते बघू. सतरा आकडी. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम द्यायचे तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. वाचायचा तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. एका दमात वाचून दाखवणाऱ्याला वडापाव माझ्याकडून. इतके सेकंद मोजायला बसलात तर साधारण ३९ कोटी वर्षं लागतील. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त स्थानांची नावं दिली आहेत: एकं, दहं, शतं करत कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा स्थानं. आपल्या आकड्याचा पहिला १ सतराव्या स्थानावर बसतो, म्हणजे 'मध्य'वर. आणि ती दहावी ओळ एकोणीस आकडी आहे. तिच्या पहिल्या आकड्यासाठी या यादीत नावच उरत नाही. परार्धाच्याही पलीकडे गेली बाई.

आता कारण. हे कारण मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते कळायला तिसरीचं गणित पुरतं, याचा राग अजून गेलेला नाही. १११ गुणिले १११ पाटीवर मांडतो तसं मांडा:

१११
१११०
१११००

उजवीकडून एकाखाली एक नीट बसवा, शून्यं सोडून द्या. प्रत्येक ओळ म्हणजे तेच तीन एक, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेले. आता उभे रकाने मोजा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन. मग पुन्हा दोन, मग एक. बेरीज करायची म्हणजे फक्त एक किती आहेत ते मोजायचं: १, २, ३, २, १. झालं १२३२१. नऊ एक घेतले की नऊ ओळी, आणि रकान्यांची उंची १ पासून ९ पर्यंत चढते आणि परत १ पर्यंत उतरते. जिन्यासारखी. चमत्कार म्हणून जो आकडा फिरतोय तो म्हणजे ही रकान्यांची उंची. दुसरं काही नाही.

यात एकच अट आहे. कुठल्याही रकान्यात नवापेक्षा जास्त एक यायला नकोत. म्हणजे हातचा यायला नको. नऊपर्यंत तो येत नाही. दहाव्या ओळीत मधल्या रकान्यात दहा एक जमतात. दहा एका घरात मावत नाहीत. शून्य लिहायचा, हातचा एक. डावीकडच्या रकान्यात आधीच नऊ होते, त्यात हा एक, झाले दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होते. आठ आणि एक नऊ. इथे हातचा थांबला. म्हणजे आठ पळून गेला नव्हता, बढती मिळून नऊ झाला होता. आणि जिथे खरे नऊ आणि दहा उभे होते तिथे दोन शून्यं राहिली.

मावसभावाने हे माझ्याआधी पकडलं. खोटं कशाला सांगू.

आणखी एक गंमत आहे, ती मात्र मी पकडली. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, म्हणजे पाटीवर एकूण ८१ एक. हातचा नसल्यामुळे त्यातला एकही हरवत नाही, सगळे उत्तरात उतरतात. म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१ या आकड्यातल्या अंकांची बेरीज ८१ यायलाच हवी. करून बघा, येते. पण प्रत्येक हातचा दहा एक घेतो आणि पुढच्या घरात एकच देतो. नऊ खातो. दहाव्या ओळीत शंभर एक होते, हातचे दोन आले, अठरा गेले, उरले ८२. त्या दहाव्या उत्तराच्या अंकांची बेरीज करा. ८२. आमचं उत्तर बरोबर आहे याची पहिली खात्री आम्हाला अशी पटली, कॅल्क्युलेटरशिवाय.

कॅल्क्युलेटरवरून आठवलं. हा आकडा एक्सेलच्या एका घरात टाइप करून बघा. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच नीट लक्षात ठेवतं. शेवटचे दोन अंक ते बिनदिक्कत शून्य करून टाकतं: १२३४५६७८९८७६५४३००. एरर नाही, लाल रेघ नाही, काही नाही. ही नुसती गंमत नाही हो. आमच्या फेस्टच्या रजिस्ट्रेशनची शीट मीच बनवली होती. आपला मुंबई विद्यापीठाचा पीआरएन सोळा आकडी असतो. रकाना 'टेक्स्ट' करायला मी विसरले, आणि संध्याकाळी बघते तर सगळ्यांचे पीआरएन शून्यावर संपलेले. एका ओळीने उभं राहून सगळ्यांना परत विचारावे लागले. तेव्हा मी एक्सेलला शिव्या घातल्या होत्या. आज वाटतं, सोळा आकडी नंबर बघून 'हे पंधरापेक्षा जास्त आहे' एवढं खटकायला हवं होतं. पायथन येत असेल तर त्यात करून बघा, तिथे मात्र शेवटचा १ सुद्धा शाबूत राहतो.

आता नावाकडे येऊ, कारण या अग्रलेखाचं खरं भांडण तिथे आहे.

या आकड्याला नाव आहे. त्याच्या पूर्ण खानदानाला आहे. १, १२१, १२३२१ पासून आपल्या सतरा आकडीपर्यंतच्या या आकड्यांना जगभरचे गणितवाले 'वंडरफुल डेम्लो नंबर' म्हणतात. डेम्लो हे कोणा परदेशी प्रोफेसरचं नाव नाही. ते एका रेल्वे स्टेशनचं नाव आहे. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं डेम्लो, म्हणजे आपली डोंबिवली. या आकड्यांचा अभ्यास करायची कल्पना ज्या माणसाला त्या स्टेशनवर सुचली, त्याने आकड्यांना त्या स्टेशनचंच नाव देऊन टाकलं. विचार करा, डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून माणसाला गणित सुचतं. आपल्याला तिथे फक्त चौथी सीट सुचते.

तो माणूस म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. होय, आपलं डहाणू. विरारहून निघालं की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि मग जे शेवटचं येतं ते. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर जिल्हा तर २०१४ साली झाला. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, आणि ज्योतिषातली आकडेमोड मुलाने उचलली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं, १९२९ ला पदवी. एमएस्सी नाही, पीएचडी तर नाहीच. १९३० ते १९६२, बत्तीस वर्षं, नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. वह्या भरून आकडे. पुस्तिका छापायच्या त्याही बऱ्याचशा स्वतःच्या खर्चाने. विद्यापीठांतले अनेक जण या आकडेमोडीला पोरखेळ समजायचे. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. १९८६ ला गेले.

त्यांचं ६१७४ तुम्हाला माहीत असेल. कुठलाही चार आकडी नंबर घ्या, चारही अंक सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. त्यांचं जन्मवर्ष १९०५ घेऊन बघा, बरोबर सात पायऱ्या लागतात. पण ६१७४ चं कौतुक खूप झालंय. मला आमचा सतरा आकडीच जास्त आवडतो, कारण त्यात कापरेकरांचे जवळजवळ सगळे खेळ एका जागी भेटतात.

एक, डेम्लोपणा. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे उरले १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज करा: ९९९९९९९९. दोन्ही बाजू मिळून मधल्यालाच पुन्हा पुन्हा उच्चारतात. डेम्लो आकड्यांचं मूळ हेच. १२१ मधे १ आणि १ मिळून २, १२३२१ मधे १२ आणि २१ मिळून ३३.

दोन, हर्षद. हेही नाव कापरेकरांचंच, संस्कृतातलं: हर्ष देणारा. अंकांच्या बेरजेने ज्या आकड्याला निःशेष भाग जातो तो हर्षद. अठराच्या अंकांची बेरीज नऊ, नऊने अठराला भाग जातो, म्हणून अठरा हर्षद. ६१७४ च्या अंकांची बेरीज अठरा, भाग दिला की ३४३ येतात, म्हणून तोही हर्षद. आपल्या सतरा आकडीची बेरीज ८१. जातो का भाग? जातो. उत्तर १५२४१५७८९९७१०४१. आणि हे उत्तर स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे, म्हणजे तोच आठ पळालेला नंबर! त्याला नवाने गुणलं की नऊ एक मिळतात. मी त्या रात्री इथे पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते आणि घरच्यांना वाटलं मी कोणाशी तरी चॅट करतेय.

पिरॅमिडमधल्या सगळ्याच ओळी काही हर्षद नाहीत. नऊपैकी फक्त तीन: पहिली, तिसरी आणि नववी. १२१ च्या अंकांची बेरीज चार, आणि विषम आकड्याला चारने भाग कसा जाईल? सम क्रमांकाच्या सगळ्या ओळी अशा बाद. पाचवीची बेरीज २५, पण शेवटी १ असलेल्याला पंचविसाने भाग जात नाही. सातवीला सात नडतो. दहाव्या ओळीची बेरीज ८२, सम, म्हणून तीही बाद. नंतर काय होतं ते तुम्ही बघा.

तीन, भागायच्या ऐवजी आता ८१ ने गुणा. ९९९९९९९९८००००००००१. याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करा, ९९९९९९९९८ आणि ०००००००१ च्या आधी आणखी एक शून्य. बेरीज ९९९९९९९९९. आणि हा नऊ नवांचाच तर वर्ग होता. वर्ग करा, तुकडे करा, जोडा, की परत मूळ आकडा मिळतो. अशा आकड्यांना जग 'कापरेकर नंबर' म्हणतं. लहानातलं उदाहरण पंचेचाळीस: वर्ग २०२५, वीस आणि पंचवीस मिळून पंचेचाळीस.

इथे एक प्रामाणिक आक्षेप घ्यायला हवा, कारण आमच्या कॉलेजातल्या मॅथ्सवाल्या मैत्रिणीने तो माझ्या तोंडावर घेतला. ती म्हणाली, "हे गुण आकड्याचे नाहीतच. आपण तो जसा लिहितो त्याचे आहेत." बरोबर आहे तिचं. आपल्याला दहा बोटं, म्हणून आपण दहाचे गठ्ठे बांधून लिहितो. आठ बोटं असती तर आठाचे गठ्ठे बांधले असते, आणि पिरॅमिड नवव्याऐवजी सातव्या ओळीलाच संपला असता. कंप्युटर आतून दोनच अंकांत लिहितो, तिथे ११ गुणिले ११ ला १००१ येतं. दुसऱ्याच ओळीत हातचा, चमत्कार सुरू व्हायच्या आधीच खलास. उलट सोळाच्या पद्धतीत पंधरा ओळींपर्यंत जिना चढतो. उलटसुलट सारखं वाचता येणं, अंकांची बेरीज, तुकडे करून जोडणं, हे सगळे कपड्यांचे गुण. अंगचे गुण वेगळे. या आकड्याचे अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो, आणि हे तिन्ही मूळ आहेत. कुठल्याही पद्धतीने लिहा, रोमन लिहा, खडे मांडून दाखवा, हे बदलत नाही.

कापरेकरांना पोरखेळ म्हणणाऱ्यांचं म्हणणं साधारण हेच होतं. मैत्रिणीचं मला पटलं, पण अर्धंच. कपडे का असे दिसतात हे विचारत गेलं की कपड्यांखालचं गणित दिसतं. हातचा म्हणजे काय हे मला बाविसाव्या वर्षी कळलं ते या पोरखेळामुळे. आणि अंकांच्या बेरजेला नवाने भाग गेला की आकड्यालाही जातो, ही शाळेत पाठ केलेली कसोटी आठवते? प्रत्येक हातचा बरोबर नऊ खातो, म्हणून ती चालते. दहा वर्षं ती वापरली, कारण माहीत नव्हतं.

आता भांडण. तो फॉरवर्ड म्हणतो, वैदिक गणिताचा चमत्कार. असं म्हटलं की दोन गोष्टी होतात. पहिली, ज्या माणसाने या आकड्यांमागे खरंच आयुष्य घालवलं, ज्याचं जन्मगाव आपल्याच जिल्ह्यात लोकलने गाठता येतं, त्याचं नाव गायब होतं. मी आमच्या बॅचच्या ग्रुपवर विचारलं, कापरेकर कोण? एकाने विचारलं, क्रिकेटर का? दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. चमत्कार म्हटलं की 'का' विचारायची सोय राहत नाही. हात जोडायचे, पुढे पाठवायचं. आणि नवव्या ओळीवर थांबायचं, कारण दहावी दाखवली तर देव पळून जाईल अशी भीती. आमचं म्हणणं उलट आहे. दहावी ओळ दाखवल्याशिवाय पहिल्या नऊ दाखवूच नका.

वर्गातही फार वेगळं नव्हतं. आमच्या क्लासला एक सर होते, शिकवायचे चांगले. मी एकदा विचारलं होतं, सर, हे असं का होतं? ते म्हणाले, परीक्षेला नाही. तेवढंच. ओरडले नाहीत, काही नाही. मी वहीत 'परीक्षेला नाही' असं लिहून घेतलं, दहावीला गणितात बरे मार्क पाडले, आणि अकरावीला गणित सोडलं. माझ्यासारखे किती तरी जण या पानाचे वाचक असतील. त्यांना गणित जमत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना नवव्या ओळीपर्यंतचंच गणित दाखवलं होतं.

देवळालीच्या शाळेत बत्तीस वर्षं मुलांसमोर उभ्या राहिलेल्या या मास्तरांकडे मोठं ग्रंथालय, फेलोशिप, गाइड काही नव्हतं. त्यांच्या एका प्रकारच्या आकड्यांना 'देवळाली नंबर' असंही म्हणतात. म्हणजे डोंबिवली आणि देवळाली, ही दोन गावं जगाच्या गणितात आहेत. डहाणू मात्र नाही. वसई, नालासोपारा, विरारमधल्या कॉलेजांत सायन्सचे विभाग आहेत, फेस्ट आहेत, 'डेज' तर इतके आहेत की कुठल्या दिवशी काय घालायचं याचं टाइमटेबल लागतं. येत्या १७ जानेवारीला एक तास द्या. फोटोला हार, दोन भाषणं, चहा-बिस्किट असा नको. एक फळा, एक खडू, आणि बारा-पंधरा ओळी चढवायची मोकळीक. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही बोलवा. मी येते. वसई रोडहून दिव्याला जाणारी मेमू कोपरला थांबते, तिथून डोंबिवली शेजारीच, कोणाला डेम्लोचं दर्शन घ्यायचं असेल तर तेही जमेल.

मावसभाऊ त्या रविवारी घरी गेला. मंगळवारी रात्री त्याचा फोटो आला. गणिताच्या वहीचं मागचं पान, पेन्सिलने मांडलेले अकरा एक, अकरा ओळी, कडेला हातच्यांचे बारीक आकडे. खाली उत्तर, १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. त्याखाली लिहिलं होतं: १२१ एक. हातचे ४, गेले ३६. राहिले ८५. बेरीज ८५. बरोबर.

मग मेसेज: "ताई, हे काकांच्या ग्रुपवर टाकू का?"

मी म्हटलं, टाक. पण दहावी ओळ आधी टाक.